डोळ्यांतील भिंग आणि घरांतील पाणी

गिरगांवची चाळ असो वा दादरचें बिऱ्हाड असो, चष्मा नाहीं असें घर सांपडणें कठीण. त्यांतील तरुण मंडळी आतां चष्मा पेटींत ठेवून डोळ्यांतच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवितात. वडील माणसांस हें धाडसाचें वाटतें. परंतु आमचें मत असें कीं, भीति बाळगावयाची ती भिंगाची नव्हे, घरांतील पाण्याची. विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून खुलासा करितों.

'लेन्स' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ मसूर. आणि आपल्या सुश्रुतानेंहि दृष्टीचें मान मसुराच्या डाळीएवढेंच सांगितलें आहे, हा योगायोग मौजेचा खरा. मऊ भिंग मात्र अर्वाचीन. चेक रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्टर्ले यांनीं इ. स. १९६१ च्या अखेरीस मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग व सायकलचा डायनामो जोडून घरींच एक यंत्र उभारलें आणि त्यावर अशीं भिंगें घडविलीं. त्यांचा पदार्थ पाणी शोषून मऊ होतो. हाच त्याचा गुण, आणि दक्षता घ्यावयाची तीहि येथेंच.

आपल्या संस्कारांत पाणी म्हणजे शुद्धि. डोळा चुरचुरला कीं आजी म्हणते, "पाण्याचे हबके मार." तानसा-भातसाचें पाणी शुद्ध करूनच आपल्या नळास येतें व तें पिण्यास योग्य असतें; पण पिण्यास योग्य तें भिंगास योग्य, असें नव्हे. नळाच्या पाण्यांत अकॅन्थामीबा नांवाचा एकपेशीय जीव असूं शकतो. तो स्वतःभोंवतीं कठीण कवच करून क्लोरिनलाहि दाद देत नाहीं. पोटांत गेल्यास सहसा बाधत नाहीं. परंतु भिंगाच्या आश्रयानें बुबुळावरील पारदर्शक पडद्यांत शिरल्यास महिनोन्‌महिने औषध घालावें लागतें, आणि प्रसंगीं दृष्टीहि जाते. यास्तव नळाचें, फिल्टरचें, उकळून गार केलेलें, घरीं मीठ घालून केलेलें, कोणतेंच पाणी भिंगास लावूं नये. थुंकी तर नकोच.

आतां नित्याचा क्रम. हात साबणानें धुवून, धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडानें पूर्ण कोरडे करावे. नखें कापलेलीं असावीं. मिरची चिरलेल्या हातानें भिंगास शिवूं नये. भिंग बोटाच्या टोंकावर धरून पाहावें: कड वाटीसारखी सरळ वर गेली असेल तर सुलटें, ताटलीसारखी बाहेर वळली असेल तर उलटें. नेहमीं उजव्या डोळ्यापासून आरंभ करावा, म्हणजे अदलाबदल होत नाहीं. काजळ भिंग बसविल्यावर घालावें. तोंड भिंग काढल्यावर धुवावें.

रोज टाकावयाचीं भिंगें पुन्हां वापरूं नयेत. पुन्हां वापरावयाचीं असतील, तर काढल्यावर तळहातावर ठेवून त्यांसाठींच मिळणाऱ्या जंतुनाशक द्रावणानें हलकेंच चोळावीं, धुवावीं आणि ताज्या द्रावणांत ठेवावीं. महाग म्हणून कालच्या द्रावणांत आजचें मिसळणें ही काटकसर नव्हे. डबी सकाळीं रिकामी करून द्रावणानेंच विसळावी, पालथी घालून वाळवावी, मोरीपासून दूर ठेवावी आणि तीन महिन्यांनीं बदलावी.

भिंग घालून निजूं नये. बुबुळावरील पडद्यास प्राणवायु मुख्यतः हवेंतून मिळतो, आणि मिटलेल्या पापणीखालीं तो आधींच अपुरा. शिवाजी पार्कच्या तलावांत उतरतांना किंवा लालबागच्या मिरवणुकींत गुलाल उधळावयास जातांना चष्माच बरा.

डोळा लाल झाला, दुखूं लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसूं लागलें, तर भिंग तत्काळ काढावें. घरांतील जुनी औषधाची बाटली शोधूं नये. भायखळ्याचें जे. जे. वा परळचें के. ई. एम. रुग्णालय दूर नाहीं. त्याच दिवशीं जावें व भिंग डबीसह बरोबर न्यावें.

वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति: नातीला मोरीकडे पाठविण्यापूर्वीं "डोळ्यांत भिंग आहे का?" एवढें विचारावें. या एका प्रश्नानें एखादा डोळा वांचेल.