लांबून गेले, लवकर पोचले!

मुलांनो, समजा शाळेत जायला दोन रस्ते आहेत. एक जवळचा, एक लांबचा. घंटा व्हायला आलीय. कुठल्या रस्त्यानं पळाल? ‘हे काय विचारणं झालं? जवळच्या!’ असंच म्हणाल ना? मग एअर इंडियाच्या वैमानिकांनी काय केलं ते ऐका.

त्यांना दिल्लीच्या विमानतळावरून अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोला जायचं होतं. घरात पृथ्वीगोल असेल तर आणा बरं. दिल्लीवर बोट ठेवा आणि डावीकडे, म्हणजे पश्चिमेला सरका. युरोप, अटलांटिक महासागर, मग अमेरिका ओलांडली की सॅन फ्रान्सिस्को. हा तेव्हाचा नेहमीचा मार्ग, सुमारे १३,९०० किलोमीटरचा. आता उजवीकडून जा. म्यानमार, चीन, जपान आणि मग अफाट पॅसिफिक महासागर. हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून रेल्वेनं दिल्ली गाठावी, साधारण तेवढं जास्तच!

१६ ऑक्टोबर २०१६ रोजी विमान या लांबच्या मार्गानं गेलं आणि साडेचौदा तासांत पोचलं. नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी!

ही जादू कुणाची? वाऱ्याची. वारा समोरून असला की सायकल मारताना कसा दम निघतो, आणि पाठीमागून असला की ती कशी आपोआप पळते, ते तुम्हाला ठाऊक आहेच. विमानाचंही तसंच. गणितासाठी धरू या, की विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आहे. समोरून ५० चा वारा आला तर उरले ८५०. पाठीमागून १५० चा मिळाला तर झाले १,०५०. आता दोन्ही अंतरांना आपापल्या वेगानं भागून बघा. बघाच, मी उत्तर सांगणार नाही.

जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, जिथून मोठी विमानं जातात, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे जोरदार वारे असतात. त्यांना ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा, ध्रुवाकडची थंड हवा आणि पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, या तिघांचा हा खेळ. जपानच्या वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण त्यानं आपला अहवाल लिहिला एस्परांटो या मुद्दाम तयार केलेल्या भाषेत! परदेशात तो फारसा कुणी वाचलाच नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची विमानं जपानवर याच वाऱ्यात सापडली, तेव्हा वैमानिक चक्रावून गेले.

आता तर लांबच्या उड्डाणाआधी वाऱ्याचा अंदाज पाहून मार्ग आखतात. विमान दोन तास कमी उडालं, तर टनावारी इंधन वाचतं.

जाता जाता एक कोडं. ते विमान दिल्लीहून रविवारी पहाटे चारच्या सुमारास निघालं आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं त्याच रविवारी सकाळी सहा-साडेसहाला! मग मधले बारा तास गेले कुठे? ऑक्टोबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, एवढं सांगून ठेवतो. आई-बाबांना विचारायचं नाही हं. उलट, तुमचं सोडवून झालं की त्यांनाच घाला हे कोडं!