सिरियल बघा, पण शेजारी पुस्तक ठेवा

आमचे तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती रस्त्यावरचे गाव. दिवसभर ट्रकांचा आवाज आणि रात्री घराघरांतून टीव्हीचा. कामावरून थकून आलेल्या माणसाला दुसरी करमणूक परवडत नाही. म्हणून 'टीव्ही बंद करा' असे सांगणाऱ्यांतला मी नाही. पण आपल्या घरात रोज दोन-तीन तास बोलणारा हा पाहुणा काय सांगतो आणि काय गाळतो, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

१८ मे २०१९ रोजी, बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली. ऑक्टोबर २०२० पर्यंत ती चालली. सागर देशपांडे यांनी बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे यांनी रमाई उभी केली. आदर्श शिंदे यांच्या आवाजातले शीर्षकगीत सुरू झाले की आमच्या घरात भाकरी थापणारे हात थांबत. बाबासाहेबांचे चरित्र रोजच्या रोज घराघरांत जावे, ज्या घरांत त्यांचा फोटो नाही त्या घरांतही जावे, ही लहान गोष्ट नव्हे. त्याबद्दल मालिका करणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत.

पण रोजची मालिका म्हटली की तिला काही सवयी असतात. प्रसंग ताणायचा, दुष्ट माणसाने डोळे वटारायचे, मागे ढोल वाजवायचे आणि ऐन वेळी 'उद्या पहा' म्हणायचे. एके दिवशी माझ्या नातीने विचारले, "आबाजी, शिवाशीव पाळणारे लोक असेच मोठ्याने ओरडत होते का जी?"

मी गप्प झालो. पोरीने नेमके बोट ठेवले होते. दुसऱ्या दिवशी विहारातून पुस्तक आणले. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने लिहून ठेवल्या आहेत. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १२व्या खंडात त्या आहेत आणि मराठी अनुवादही मिळतो. त्यातला पहिलाच प्रसंग मी तिला वाचून दाखवला.

साल १९०१. नऊ वर्षांचा भीम भावा-भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे. वडिलांना निरोपच पोचला नव्हता, म्हणून न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि मास्तरचा चेहरा बदलला. तो ओरडला नाही, मारले नाही. नुसता आपल्या खोलीत निघून गेला आणि अर्धा तास बाहेर आला नाही. पुढे गाडीवान दुप्पट भाडे घेऊन तयार झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि आपण पायी चालायचे या अटीवर. डब्यात जेवण भरपूर होते, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. पोरे उपाशीच झोपली.

नात बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ओरडला असता तर बरं झालं असतं." तिला जे समजले ते ढोलाच्या आवाजात समजले नसते.

तो मास्तर मला आजही टीव्हीवर दिसतो, बातम्यांच्या वेळी. सप्टेंबर २०२० आठवा. मालिका सुरूच होती. ती संपली की आम्ही बातम्या लावायचो. तेव्हा एका सिनेनटाच्या मृत्यूचे प्रकरण चालू होते. कोणत्या नटीने मोबाईलवर कोणाला काय लिहिले, तिची मोटार कुठून निघाली, यावरच सगळा आरडाओरडा. त्याच महिन्याच्या १४ तारखेला उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यात एका दलित तरुणीवर अत्याचार झाला. २९ तारखेला दिल्लीच्या रुग्णालयात ती गेली. मधले पंधरा दिवस आमच्या घरच्या टीव्हीवर तिचा शब्दही आम्ही ऐकला नाही. विदर्भातल्या माणसाला २९ सप्टेंबर ही तारीख आधीपासूनच सलते. २००६ साली याच दिवशी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांना मारले गेले आणि मोठ्या माध्यमांना जाग यायला कित्येक आठवडे लागले. नटीच्या मोटारीमागे धावणारे आपल्या वेळी मास्तरासारखे खोलीत जाऊन बसतात.

कोणी म्हणेल, लोकांना जे आवडते तेच दाखवतात. हे 'लोक' कोण, तेही पाहू. टीआरपी मोजण्यासाठी निवडक घरांत यंत्र बसवलेले असते. २०२० साली देशात टीव्ही असलेली घरे सुमारे २० कोटी आणि यंत्रे सुमारे ४४ हजार. म्हणजे साडेचार हजार घरांमागे एक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या आकड्यांत गैरप्रकार झाल्याची तक्रार मुंबई पोलिसांपर्यंत गेली आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले. आमच्या वस्तीत असे यंत्र मी कधी पाहिले नाही. आपली आवड कोणी मोजत नसेल, तर निदान आपली पोरे काय शिकतात हे तरी आपण मोजावे.

आता मालिकेचे तुकडे मोबाईलवर फिरतात आणि मुलांना नटाचा चेहरा तोंडपाठ असतो. चेहरा ओळखीचा झाला ते चांगलेच. पण बाबासाहेबांचे म्हणणे त्यांच्याच लिखाणात आहे. म्हणून आयाबहिणींना आणि बांधवांना एवढेच सांगणे आहे. सिरियल मुलांसोबत बसून बघा. मुलाने प्रश्न विचारला तर 'गप बस' म्हणू नका. उत्तर येत नसेल तर रविवारी विहारात पुस्तक उघडा आणि एक पान मोठ्याने वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा. आमच्या घरी आता दर रविवारी नात वाचते आणि आम्ही ऐकतो. तेवढा वेळ टीव्ही बंद असतो आणि अजून तरी कोणी कुरकुर केलेली नाही.