परिचर्येतील गुणवत्तेला आधार कोणाचा?

नवी दिल्ली : देशात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये १,५७० कोटी रुपये मंजूर केले. त्यातून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर घडावेत, असे उद्दिष्ट आहे. या विद्यार्थ्यांना शिकवणार कोण, हा प्रश्न मात्र इमारतींच्या निधीने सुटणारा नाही.

अध्यापक घडतात ते एम.एस्सी. नर्सिंगमधून. दिल्लीत १९४६ पासून कार्यरत असलेल्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयासारख्या संस्थांत हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. बी.एस्सी.नंतर किमान एक वर्षाच्या कामाच्या अनुभवाची त्यास अट आहे. साहजिकच येणारी विद्यार्थिनी बहुधा कमावती असते आणि पूर्णवेळ शिक्षणासाठी तिला पगारावर पाणी सोडावे लागते. तो पगार तरी किती? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर नेमलेल्या समितीने लहान खासगी रुग्णालयांसाठी किमान २०,००० रुपयांची शिफारस केली होती. एवढ्यात राजधानी परिसरातील घरभाडे भागवून दोन वर्षांची शिल्लक टाकणे कठीणच.

‘जीपॅट’ उत्तीर्ण होऊन एम.फार्म.ला प्रवेश घेणाऱ्यास तंत्रशिक्षण परिषदेकडून दरमहा १२,४०० रुपये मिळू शकतात. परिचर्या त्या परिषदेच्या कक्षेत नसल्याने ही योजना तिला लागू नाही. स्वतंत्र योजना आखायची झाल्यास गुणवत्तेची व्याख्याही तपासावी लागेल. केवळ पदवीचे गुण मोजले, तर अतिदक्षता विभागातील रात्रपाळ्यांचा अनुभव हिशेबाबाहेर राहील.