ओळीआधीची कोरी जागा

ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या घरांत आतल्या रकान्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. यंत्रसामग्रीची मूळ किंमत आणि तिच्यातून वजा होणारा घसारा आत. उरलेली निव्वळ रक्कम बाहेर. संगणकाच्या आज्ञावलीतही अशीच आत-बाहेरची मांडणी असते व तिला इंडेंटेशन म्हणतात. पेढीवर ‘इंडेंट’ म्हणजे मालाची मागणी; येथे तो शब्द ओळीच्या आरंभी सोडलेल्या कोऱ्या जागेचा आहे. एखाद्या अटीखाली येणाऱ्या आज्ञा त्या अटीहून थोड्या आत लिहितात, आणि आज्ञावली लिहिण्याचे साधन, म्हणजे एडिटर, ती जागा आपोआप सोडतो. सोय लहान दिसते. पण आतला आकडा बाहेर मांडला गेला तर ताळेबंद जुळत नाही व चूक तेथेच सापडते. आज्ञावलीत असा आपोआप जुळणारा ताळा नसतो.

ॲपल कंपनीला याचा अनुभव २०१४ साली आला. सुरक्षित संकेतस्थळाशी जोडणी होताना समोरच्या सर्व्हरची डिजिटल सही पडताळणाऱ्या सी भाषेतील आज्ञावलीत ‘गोटू फेल’ ही ओळ एकाखाली एक अशी दोनदा आली होती. वरची ओळ अटीच्या ताब्यात होती. खालची कोणत्याच अटीत नव्हती, परंतु तीही तितकीच आत लिहिलेली असल्यामुळे वाचणाऱ्याला ती अटीतलीच वाटे. सी भाषेत महिरपी कंस घातला नाही, तर अटीचा अंमल एकाच आज्ञेपुरता चालतो. कोऱ्या जागेकडे यंत्र पाहतही नाही. त्यामुळे ती दुसरी ओळ दर वेळी अमलात येई, पुढची पडताळणी टळे आणि तरीही निकाल ‘सर्व ठीक’ असाच मिळे. नमुना सही न पाहताच धनादेश वटवण्याचा हा प्रकार! त्याच नेटवर्कवरील एखाद्या लबाडाला विश्वासू संकेतस्थळाचे सोंग घेणे त्यामुळे शक्य झाले होते. आयफोनसाठीची दुरुस्ती २१ फेब्रुवारी २०१४ रोजी आली.

विम या एडिटरमध्ये संपूर्ण फाइलची मांडणी नियमानुसार पुन्हा करून घेण्याची आज्ञा आहे. ती या फाइलवर चालवली असती, तर दुसरी ओळ डावीकडे सरकून अटीच्या रांगेत आली असती आणि डोळ्याला खटकली असती. स्वयंचलित इंडेंटेशनचा खरा लाभ हा आहे. सुबकपणा दुय्यम होय. पुढे २०१६ मध्ये जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या मांडणीबद्दल इशारा देण्याची सोयही आली.

पायथन भाषेत मात्र पारडे उलटते. तेथे कोरी जागा हाच अर्थ असतो. समजा, बिले तीन आहेत: १,२०० रुपये, ८०० रुपये आणि ५०० रुपये. ‘प्रत्येक बिलासाठी’ या ओळीखाली ‘बिल छापा’ आणि ‘रक्कम बेरजेत मिळवा’ या दोन आज्ञा आत लिहिल्या, तर बेरीज २,५०० येते. दुसरी आज्ञा बाहेर सरकली, तर तिन्ही बिले व्यवस्थित छापली जातात आणि बेरजेत केवळ शेवटचे ५०० उरतात. कोठेही चुकीचा संदेश उमटत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, हे एडिटरला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून पायथनची फाइल सरसकट पुन्हा मांडून घेणे धोक्याचे. दुसरीकडून उतरवून डकवलेला मजकूर तर ओळ न् ओळ तपासावा.

विमची मांडणी ‘विमआरसी’ या फाइलमध्ये ठरवतात. केवळ ‘ऑटोइंडेंट’ चालू केले, तर नवी ओळ आधीच्या ओळीइतकीच आत सुरू होते; भाषेचे नियम पाळले जावेत यासाठी ‘फाइलटाइप इंडेंट ऑन’ लिहावे लागते. ‘शिफ्टविड्थ’ची किंमत ४ ठेवावी, पायथनचा अधिकृत शैलीलेखही चार जागांचाच आग्रह धरतो. ‘एक्स्पांडटॅब’मुळे टॅबची कळ दाबली तरी साध्या कोऱ्या जागा पडतात. टॅबची रुंदी प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळी असू शकते, आणि टॅब व जागा यांची संदिग्ध सरमिसळ पायथन ३ स्वीकारतच नाही. व्हीएस कोड वापरणाऱ्यांचा गोंधळ निराळा: तो एडिटर उघडलेल्या फाइलवरून अंदाज बांधतो, त्यामुळे आपण ठरवलेले चार बाजूला राहून फाइलमधले दोन लागू होतात. ‘डिटेक्ट इंडेंटेशन’ बंद केले की तो प्रश्न मिटतो. अनेकांनी मिळून करायच्या कामात ‘एडिटरकॉन्फिग’ नावाची एकच फाइल कामाच्या फोल्डरमध्ये ठेवणे अधिक शहाणपणाचे.

टॅब सर्वत्र हद्दपार करता येत नाही. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली रचलेल्या ‘मेक’ या साधनात आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅबनेच व्हावा लागतो. हा नियम अडचणीचा आहे हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले होते. परंतु तोवर डझनभर मंडळी ते साधन वापरू लागली होती आणि त्यांची घडी मोडणे फेल्डमन यांना नको होते. म्हणून आजही मेकफाइल उघडली की विम ‘एक्स्पांडटॅब’ आपणहून बंद करतो.