लॉगिन माझं, मग पीसी एकच का?

माझं मराठी कॉन्व्हेंट छाप आहे, सांभाळून घ्या!

सबमिशनच्या आदल्या दिवशी माझा पीसी बंद पडला. शेजारचे तीन रिकामे, पण लॉगिन होईना. लॅब असिस्टंट म्हणाले, "तुझं अकाउंट अकरा नंबरलाच बांधलंय." मोहोळची एस.टी. चुकणार होती. शेवटी मैत्रिणीच्या पीसीवर तिच्याच पासवर्डने बसले. लॉगमध्ये नाव तिचं, काम माझं! दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर आयटी कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माझ्या मनात लबाडी नव्हती, पण सवय तीच लागते ना?

नियमामागचं कारण खोटं नाही. विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत बंधन घातलं नाही, तर युजर डोमेनमधल्या बहुतेक पीसींवर बसू शकतो. चोरलेला पासवर्डही मग सगळीकडे चालतो. म्हणून 'लॉग ऑन टू'मध्ये पीसींची यादी देतात.

पण यादीत एकच नाव कशाला? अख्खी लॅब टाका. किंवा ग्रुप पॉलिसीने त्या लॅबवर आमच्या वर्गाच्या ग्रुपला परवानगी द्या. ऑफिस आणि परीक्षा विभागाचे पीसी मात्र आम्हाला बंदच हवेत.

सर, पुढच्या सबमिशनआधी एवढं कराल का?