सूत्र पाठ, पण अर्थ?

बारावीला विज्ञान शाखा घेतलेल्या मुलामुलींच्या घरी भौतिकशास्त्राची मोठी धास्ती असते. मूल पहाटे उठून सूत्रे घोकते. परंतु परीक्षेत उदाहरणाचे शब्द किंचित बदलले की त्याचा हात थांबतो. मग आईबाप त्याच्या बुद्धीस बोल लावतात. वास्तविक दोष बहुधा अभ्यासाच्या रीतीत असतो.

खानदेशातून वाहत आलेली तापी सुरतेच्या पुढे हजीऱ्यापाशी समुद्रास मिळते. तेथे उभे राहिल्यास पाठ्यपुस्तकच समोर उघडते. हजारो टनांचे लोखंडी जहाज का तरंगते, हा खालच्या वर्गातील पाठ. २००५ सालापासून तेथे द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजांतून उतरविला जातो. शून्याखाली सुमारे १६२ अंशांपर्यंत थंड केल्याने त्याचे आकारमान सुमारे सहाशेवा भाग उरते. हा उष्णतेचा पाठ. आणि कारखान्यांस वीज पुरविणाऱ्या उंच मनोऱ्यांवरील तारा हा बारावीचा पाठ होय.

दूर न्यावयाच्या विजेचा दाब एवढा का वाढवितात? मूल सूत्र म्हणेल : वाया जाणारी शक्ती म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. ठीक, आता त्यात आकडे घालावेत. समजा, १,००० किलोवॅट शक्ती १० ओहम रोधाच्या तारांतून पाठवावयाची आहे. दाब १०,००० व्होल्ट असल्यास धारा १०० अँपिअर होते आणि तारा तापण्यातच १०० किलोवॅट, म्हणजे दहावा हिस्सा, वाया जातो. दाब १,००,००० व्होल्ट केल्यास धारा १० अँपिअर होते व नुकसान अवघे १ किलोवॅट! हा हिशेब ज्याने स्वहस्ते मांडला, त्याच्या मनातून ते सूत्र सहसा पुसले जात नाही. गावातील ट्रान्सफॉर्मर दाब पुन्हा का उतरवितो, असा पुढचा प्रश्नही त्यास आपोआप सुचतो.

कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात येशूसंघीय फादर यूजीन लाफों हे एकोणिसाव्या शतकात प्रत्यक्ष प्रयोग दाखवून भौतिकशास्त्र शिकवीत. जगदीशचंद्र बोस हे त्यांचेच विद्यार्थी. सृष्टीचे नियम शोधणे हे या धर्मगुरूंस श्रद्धेच्या आड येणारे वाटले नाही; निर्मात्याच्या कृतीकडे ते आदराने पाहत राहिले.

ज्यांस शाळेचा लाभ झाला नाही, अशा मातापित्यांनाही येथे मोठे साहाय्य करता येईल. सायंकाळी जपमाळ आटोपल्यावर मुलास म्हणावे, “बाळ, आज काय शिकलास ते मला समजेल असे सांग.” सांगता आले, तर त्यास विषय उमगला असे समजावे. अडखळला, तर कोठे अडले हे त्याचे त्यालाच कळेल. त्या वेळी रागावू नये, शेजाऱ्याच्या मुलाशी तुलनाही करू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. गुणपत्रिकेत कितीही आकडे येवोत, परमेश्वराने आपल्या हाती सोपविलेल्या लेकराचे मोल त्या आकड्यांनी ठरत नाही, हे त्यास निकालापूर्वीच कळू द्यावे.