चालत्या घराचीं पाउलें

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात, तिला आपण धांव म्हणतों. आमच्या वर्धा-नागपूरकडील उन्हाळ्यांत चाकाचें लाकूड सुकून आकसतें आणि धांव सैल पडते. म्हणून यात्रेस निघण्यापूर्वीं चाकें भिजवून धांव ठोकून पाहण्याची जुनी रीत होती. छत, गाद्या व घुंगुरमाळा यांचा विचार मागाहून होई. आम्ही मोटारवाले मात्र नेमका उलट क्रम धरतों. गाडी घेतांना रंग आणि पडदे पाहतों, व ज्यांच्यावर साऱ्या कुटुंबाचा भार पडावयाचा, त्या टायरांकडे ते फुटल्यावर पाहतों.

हें सुचण्यास कारण आमच्याच घरचें. निवृत्त झाल्यावर आमच्या दादांनीं एक जुनें फिरतें घर विकत घेतलें. म्हणजे प्रवासी गाडींत दोन बिछाने, ओटा, कपाटें व पाण्याची टाकी बसविलेली कॅराव्हॅन. हेतु चैनीचा नव्हता. आईला ब्यायशीं वर्षें झालीं. आगगाडीच्या पायऱ्या तिला चढवत नाहींत, आणि त्र्यंबकेश्वराचें दर्शन तर राहिलेलें. येळाकेळीला समृद्धि महामार्गावर चढलें कीं इगतपुरीपर्यंत रस्ता सरळ. २०२५ च्या चैत्रांत निघावयाचें ठरलें.

गाडी अंगणांत उभी असतां आमच्या सूनबाईंनीं वांकून टायरांच्या बाजूवरील आंकडे वाचले. तेथें शेवटीं जे चार आंकडे असतात, ते टायराच्या जन्माचे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरांवर १११६ होते. म्हणजे जन्म २०१६ सालच्या अकराव्या आठवड्यांतला. विकणारानें वर काळा रंग फांसला होता. तो पुसतांच बारीक भेगांची जाळी दिसूं लागली.

दादा म्हणाले, "सूनबाई, नक्षी तर पुरती शाबूत आहे. टायर फार चालले नाहींत, हा गुण कीं दोष?"

"मामंजी, फिरत्या घराच्या बाबतींत तोच दोष," त्या म्हणाल्या.

त्यांचें म्हणणें खरें होतें. रोजच्या मोटारीची नक्षी आधीं झिजते, आणि ती १.६ मिलिमीटरच्या खालीं गेली कीं कायदाच टायर बाद ठरवितो. फिरतें घर मात्र वर्षांतील दहा महिने सारें ओझें घेऊन उन्हांत उभें असतें. ऊन आणि हवेंतील ओझोन यांनीं रबर कडक होऊन तडकतें. नक्षी मात्र तशीच राहते. अनेक टायर-उत्पादक सांगतात कीं, पांच वर्षांनंतर दरवर्षीं जाणकाराकडून तपासणी करावी, व दहा वर्षांनंतर टायर वापरूंच नये. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, सिमेंटचा रस्ता त्याहूनही तापतो, आणि वेग तासन्‌तास एकसारखा राहतो. त्यांत हवा कमी असली कीं टायराची बाजू सारखी दबते, आंतून तापते व थर सुटतात. जीर्ण टायर फुटतो तो असा. समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर २०२३ मध्यें परिवहन खात्यानें टायरांची तपासणी सुरू केली, ती उगीच नव्हे.

मग नवे टायर कोणते घ्यावे? दुकानदार माप विचारतो, पण नुसतें माप पुरत नाहीं. मापापुढें भाराचा आंकडा असतो: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०. '१०६/१०४' असे दोन आंकडे असल्यास दुसरा जोडचाकासाठीं समजावा. त्यापुढील अक्षर वेगाचें: एल १२०, एन १४०, क्यू १६० किलोमीटर. गाडीच्या कारखान्यानें सांगितलेल्या आंकड्याहून खालीं कधींही जाऊं नये.

आम्हीं टाकी भरून, माणसें बसवून गाडी वजनकांट्यावर नेली. मागील आंसावर २,९६० किलो भरले. चार टायरांस विभागले तर प्रत्येकीं ७४०. तेव्हां दुकानदारानें पुढें केलेला १०० आंकड्याचा स्वस्त टायर दादांस पुरेसा वाटला. पण एकाच बाजूचीं चाकें कांट्यावर घेतलीं, तों कपाटें व टाकी असलेल्या बाजूस १,६४० किलो निघाले. म्हणजे प्रत्येक टायरावर ८२०! सरासरीनें आम्हांस फसविलें असतें.

आणखी थोडें लक्षांत ठेवावें. एका आंसावर एकाच मापाचे व एकाच जातीचे टायर असावे. जोडचाकांतील एकाची हवा गेली तर दुसरा मुकाट्यानें दुप्पट ओझें वाहतो, म्हणून आंतल्या टायराची हवाही मोजावी. नवा म्हणून मिळालेल्या टायराचाही जन्म वाचावा. दुकानांत तोही म्हातारा होतो. हवा पहांटे, गाडी हलण्यापूर्वीं मोजावी, आणि वाटेंत तापलेल्या टायराची हवा वाढली म्हणून सोडूं नये. नायट्रोजनाचा आग्रह असेल तर भरावा. पण साध्या हवेंतही तो शेंकडा ७८ असतोच, आणि नियमित मोजणीची जागा तो घेत नाहीं.

सुट्ट्या चाकासह सात टायरांचा खर्च ऐकून दादा गप्प झाले. गाडींतच शिल्लक संपली होती. "यंदा मागले चार बदलूं, पुढले दोन पुढल्या वर्षीं," असें ते म्हणाले. पण पुढचें चाक फुटलें तर गाडीचें तोंडच वळतें, हें त्यांनाही ठाऊक होतें. आईला आतां किती वर्षें राहिलीं, हाच विचार त्यांच्या मनांत होता. आणि तो खोटा कसा म्हणावा?

निकाल आईनेंच दिला. "तुमचे वडील धांव सैल असतां पवनारलासुद्धां गाडी जुंपूं देत नसत. त्र्यंबकराजा कार्तिकांतही तेथेंच आहे. मी थांबतें."

ती सात महिने थांबली. त्या वयांत सात महिने म्हणजे थोडे नव्हेत, हें आम्ही सारे जाणून होतों. तेवढ्या अवधींत दादांनीं निवृत्तिवेतनांतून पैसे सांठविले, आणि उन्हाची धगही सरली. कार्तिकांत सातही टायर नवे घालून आम्हीं आईला त्र्यंबकेश्वरीं नेलें, व सुखरूप परत आणलें.

वाचकांपैकीं कोणी असें जुनें घर घेणार असतील, तर किंमत ठरवितांनाच टायरांचा जन्म वाचावा आणि सात टायरांची रक्कम हिशेबांत धरावी. पैसे अपुरे पडले तर प्रवास पुढें ढकलावा. आमच्या गाडीचे पडदे अजून जुनेच आहेत.